थांबलेला ठिपका

"काका, आधी लाईव्ह टाका. मग गाडी हालवा."

फोनवरचा आवाज रडून घोगरा झालेला होता. रंभाजीनं खांद्यानं फोन कानाशी दाबून धरला आणि गाडीचं मागचं दार उघडलं. श्रीरामपूर स्टेशनाच्या आवारात ऊन कलायला लागलं होतं. उशिरा आलेल्या रेल्वेतून उतरलेली सीमाताई एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात पदराचा बोळा धरून आत बसली. तिनं भाडं विचारलं नाही, किती वेळ लागेल तेही विचारलं नाही.

"टाकतो बाबा, टाकतो," रंभाजी म्हणाला. "त्याच्याबिगर चाकं फिरत न्हाईत का काय?"

"तसं न्हवं काका. आजीला आंघूळ घालून अंगनात ठिवलीय. समदं गाव बसलंय. जो तो मलाच इचारतोय, आत्या कुठवर आली. तिचा तर फोन बंद पडलाय. मी लोकान्ला काय दावू?"

रंभाजीनं चष्मा लावला, मोबाईलवर बोट फिरवलं आणि नकाशावरचा आपला ठिपका फोनवरच्या प्रवीणच्या हवाली केला.

बोरखडीच्या भागिरथीबाई पहाटे गेल्या होत्या. मुलगा वैजनाथ गावातच शेती बघायचा. प्रवीण हा त्याचा मुलगा, साखर कारखान्यात नोकरीला. आणि सीमा ही एकुलती लेक, तिकडे भुसावळला दिलेली. गावात रीत अशी, की आई गेली तर लेकीच्या हातचं पाणी तिच्या तोंडात पडायला हवं. ते पडल्याशिवाय तिला उचलायची नाही. आणि दुसरी रीतही तितकीच पक्की. दिवस मावळल्यावर अग्नी द्यायचा नाही. या दोन रीतींच्या मधल्या फटीतून रंभाजीला गाडी काढायची होती.

रस्ते त्याच्या पायाखालचे. कुठल्या गावाच्या कमानीपाशी गतिरोधक आहे, कुठल्या ओढ्याच्या फरशीवर शेवाळ धरतं, ते त्याला झोपेतही सांगता आलं असतं. पूर्वी माणसं गाडीत बसली की विचारायची, "किती येळ लागंल?" हा म्हणायचा, "आलंच." तेवढ्यावर माणसं निवांत झोपी जायची. आता मागच्या सीटवरचा माणूस गाडी सुरू व्हायच्या आत मांडीवर मोबाईल उघडून बसतो आणि रंभाजीच्या मानेकडे बघत म्हणतो, "काका, मॅपमध्ये तर डावीकडून दाखवतोय."

त्याचं त्याला वाईट वाटत नसे. मोबाईलनं त्यालाही कितीदा हात दिला होता. पुण्यात तर मॅपमधल्या त्या बाईच्या आवाजाशिवाय त्याचं पान हलत नसे, आणि "पुढे उजवीकडे वळा" असं ती म्हणाली की तो मनोभावे "बरं माय" म्हणायचा. पण हे लाईव्ह प्रकरण त्याला सोसायचं नाही. गाडी आपण चालवायची आणि कोण कुठला माणूस तिकडे बसल्या जागी आपल्या पाठीवर डोळा लावून बसायचा. एखाद्या झाडाआड लघवीला थांबलं, तरी ते गावभर जाहीर!

नेवाशात त्यानं ताईंसाठी पाण्याची बाटली घेतली. दुकानदारानं सुटे पैसे हातावर ठेवेपर्यंत फोन वाजला.

"काका, चहाला थांबला का?"

"पानी घेतलं ताईंना," रंभाजीचा आवाज चढला. "सकाळधरनं पोटात काय न्हाई त्यांच्या. पानीबी पाजू नको का?"

"तसं न्हाई वो. गाडी हुबी दिसली म्हनून..."

रंभाजीनं फोन ठेवला. आरशात पाहिलं, तर सीमाताईंनी डोकं काचेला टेकवलं होतं आणि डोळे मिटलेले होते. बाटली तशीच, न उघडलेली, मांडीवर पडून होती.

आता रंभाजीबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. या माणसाला कीर्तनाचं वेड होतं. नुसती आवड नव्हे, वेडच. पंचक्रोशीत कुठेही सप्ताह बसला की भाड्याची वेळ जुळवून हा तिथे टाळ घेऊन उभा. गाडीत एक पेनड्राईव्ह, त्यात कीर्तनंच कीर्तनं. मुंबईहून शनिशिंगणापूरला येणारी तरुण मंडळी म्हणायची, "काका, काहीतरी गाणी लावा ना." हा म्हणायचा, "हीच गानी हायत. कान तर द्या." आणि खरंच, शिंगणापूर येईतो त्यांतला एखादा पोरगा मांडीवर ठेका धरू लागलेला असायचा. आज अर्थात त्यानं आवाज बंद ठेवला होता. पण डिकीत, जुन्या गोधडीत गुंडाळलेला, गोरक्षचा पखवाज होता.

हायवेला लागून थोडं आत चिंचगव्हाण. तिथे सप्ताह चालू होता. गोरक्ष तिथला पखवाजी. त्याचा पखवाज नवी शाई भरायला श्रीरामपूरला टाकलेला, तोवर कुणाचातरी मागून आणलेला वाजवत होता, आणि त्याचा आवाज, गोरक्षच्याच शब्दात, "पत्र्याच्या डब्यावानी." आज संध्याकाळी मोठे महाराज यायचे होते. रंभाजीनं शब्द दिला होता, उन्हं उतरायच्या आत वाद्य पोचवतो.

फाटा दिसू लागला तसं रंभाजीच्या मनात चालू झालं. वाट थोडीशीच वाकडी. द्यायचं आणि फिरायचं. देवाचं काम. ताईही झोपल्यात. पण गाडी वळली की तिकडे ठिपका वळणार, आणि तो पोरगा पुन्हा फोन करणार, "काका, तिकडं कुठं निघाले?" आणि मग अंगणात बसलेल्या पन्नास माणसांना खुलासा द्यावा लागणार. मयताच्या घरी काय सांगायचं, पखवाज द्यायला चाललोय?

त्यानं बोटानं मोबाईलचं नेट बंद केलं. ठिपका फाट्यावर उभा राहिला आणि गाडी आत वळली.

मंडपाच्या कडेला लिंबाखाली त्यानं गाडी लावली. आत विणेकरी पहाऱ्याला उभा होता, चार-दोन म्हाताऱ्या वाती वळत बसल्या होत्या. कीर्तनाला जाणाऱ्या माणसाला एक सवय लागलेली असते. मंडपात पाऊल टाकायच्या आधी पायातली वहाण काढायची आणि खिशातल्या मोबाईलचा आवाज बंद करायचा. रंभाजीनं दोन्ही केलं. हात आपोआप गेला, मनाला विचारलंसुद्धा नाही.

"आला का माझा राजा!" गोरक्षनं गोधडी सोडली आणि पखवाज मांडीवर घेतला. काटक्यांसारखी वाळलेली ती बोटं पखवाजाच्या डाव्या तोंडावर, धुमेवर, कणीक लावता लावता कशी हलकी झाली होती! त्यानं एक थाप मारली.

काय तो आवाज होता! भरल्या विहिरीत दगड टाकावा तसा खोल, ओला. विणेकऱ्यानं मान वर केली. वाती वळणाऱ्या म्हाताऱ्यांचे हात थांबले. "घ्या रंभाजीबुवा एक चाल," गोरक्ष म्हणाला, "जुळलाय का बघू." विणेकऱ्यानं सूर धरला, कुणी टाळ पुढे केला. रंभाजी म्हणणार होता, "न्हाई, गाडीत मानूस हाय." तोंडात शब्द आलाही होता. पण तोवर ठेका सुरू झाला आणि टाळ त्याच्या हातात होता.

एक अभंग झाला. पुरा झाला. शेवटच्या चरणाला चाल चढली तेव्हा रंभाजीचे डोळे मिटलेले होते, आणि बाहेर लिंबाखाली आपली गाडी उभी आहे याचा त्याला, देवाशपथ, पत्ता नव्हता.

तो धावतच परत आला. सीमाताई तशाच, काचेला डोकं टेकून. "निघालो ताई, निघालो," तो पुटपुटला. मग मात्र त्यानं गाडी अशी काढली की बस. घोडेगावचा जनावरांचा बाजार होता. हायवेवर बैलांचे, शेरडांचे टेम्पो चिकटून उभे असणार हे त्याला ठाऊक होतं. त्यानं अलीकडेच गाडी पाटाच्या रस्त्यानं आत घातली आणि कोंडी मागे टाकून पलीकडे निघाला. बोरखडीची शीव लागली तेव्हा सूर्य अजून हातभर वर होता. रंभाजीच्या जिवात जीव आला. पोचलो. वेळेत पोचलो.

आणि मग ओढ्याच्या बाजूला धूर दिसला.

त्यानं काही बोलायच्या आत सीमाताईंनी तो पाहिला होता. गाडी पुरती थांबलीही नव्हती. दार उघडून ती बाई जी धावत सुटली, ती ढेकळांतून, काट्यांतून, पायातली चप्पल कुठे राहिली तेही न बघता. मागून झुंबरबाई नावाची शेजारीण हातात तांब्या घेऊन पळत आली. "सीमे! अगं थांब! बायांनी तिकडं जायाचं नसतं गं!" म्हणत म्हणत तीसुद्धा ओढ्यापर्यंत गेलीच.

चिता चांगली धरली होती. धग अशी की जवळ जाववत नव्हतं. वैजनाथ ओल्या धोतरानं बहिणीच्या आडवा झाला. सीमानं झुंबरबाईच्या हातातला तांब्या ओढून घेतला आणि जाता येईल तेवढं पुढे जाऊन उभी राहिली. मग तिनं तो तिथेच, पायापुढच्या मातीवर, हळूहळू रिता केला. तापलेल्या मातीनं पाणी पडताक्षणी पिऊन टाकलं.

मग सगळ्यांच्या मनात जी गाठ बसलेली होती ती प्रवीणवर सुटली.

"ह्यानंच सांगितलं ना, अजून लई लांब हाय म्हून!" एक फेटेवाले आजोबा काठी आपटून म्हणाले. "मोठा शाना मोबाईलवाला!"

"मी काय करू?" प्रवीणला हुंदका आवरेना. त्यानं मोबाईल सगळ्यांपुढे धरला. "हे बघा की. गाडी फाट्यावरच हुबी. हालतच न्हवती. फोन किती केले, कुनी उचलंना. पुढं घोडेगावपातुर रस्ता लालभडक. हे म्हनत हुतं, पोचायला अंधार पडंल. मला वाटलं गाडी बिघाडली. तुमीच म्हनले ना, मग आता किती येळ ठिवायची?"

झुंबरबाई पदरानं तोंड पुसत म्हणाली, "पयलं लेकी यायच्या म्हंजी आमी येशीपाशी जाऊन बसायचो बाई. कुठवर आली कुनाला ठावं? पर उठायचो न्हाई. आन् आज त्या डबीत बघितलं आन् उठलो."

रंभाजीनं खिशातून आपला मोबाईल काढला. पडद्यावर प्रवीणचं नाव वरपासून खालपर्यंत लागलं होतं. तो तसाच पुढे झाला.

"पोराला बोलू नका," तो म्हणाला. "चूक माझी हाय. नेट म्या बंद केलं. चिंचगव्हानाला सप्ता हाय, तिथला पखवाज माझ्यापाशी हुता. तो द्यायला वाट वाकडी केली. फोनचा आवाज बंद केला तो तसाच ऱ्हायला."

त्याला वाटलं, आता कुणीतरी गचांडी धरेल. धरावी, असंच त्याला वाटत होतं. पण फेटेवाल्या आजोबांची काठी खाली आली. ते म्हणाले, "सप्त्याचा पखवाज हुता व्हय? मग काय बोलावं. देवाचं काम."

"भागिरथीबी कुठला सप्ता चुकवत न्हवती," दुसरा कुणी म्हणाला. "तिचंच काम म्हना की."

वैजनाथनं नुसती मान हलवली. माणसं ओढ्यावर हातपाय धुवायला निघाली. प्रवीण मात्र हलला नाही. तो रंभाजीकडे बघतच उभा राहिला, आणि रंभाजीला त्याच्याकडे बघवेना. कारण त्यानं अर्धंच सांगितलं होतं. द्यायला गेलो हे सांगितलं. थांबलो, टाळ धरला, डोळे मिटून गायलो, हे सांगितलं नव्हतं. आणि लोकांनी त्या अर्ध्यालाच देवाचं नाव लावून त्याला सोडून दिलं होतं.

घरी आल्यावर त्याची बायको साळूबाई म्हणाली, "आज मोठं म्हाराज हायेत ना चिंचगव्हानाला? जायचं न्हाई?"

"न्हाई."

"अगंबाई! ताप आला का काय?" तिनं त्याच्या कपाळाला हात लावला. त्यानं तो बाजूला केला नाही. नुसता बसून राहिला. कानात तो पखवाज चालूच होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला तो नकोसा झाला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी प्रवीणचा फोन आला. आवाज कोरडा. "राख सावडून झाली. प्रवरासंगमाला न्यायचीय. मी दुसरी गाडी सांगत हुतो, पर आत्या म्हनती, त्यान्लाच बोलवा."

"का रे?"

"ते तिला इचारा."

रंभाजी गेला. वैजनाथ आणि भाऊबंद टेम्पोनं पुढे निघून गेले होते. सीमाताई मागे बसली, मांडीवर पांढऱ्या फडक्यानं तोंड बांधलेलं मडकं. पुढे प्रवीण. गाव मागे पडलं. मग रंभाजीलाच राहवेना.

"ताई," रस्त्यावरची नजर न काढता तो म्हणाला, "त्या दिशी म्या समदं सांगितलं न्हाई. पखवाज देऊन लगेच फिरलो असतो, तर कदाचित... म्या थांबलो, ताई. टाळ घेतला आन् एक अभंग गायलो. पुरा. तुमी गाडीत हायत ह्याचं भान ऱ्हायलं न्हाई मला. देवाचं काम न्हवतं ते. माझीच हौस हुती."

प्रवीणनं झटकन मान वळवली. त्याच्या जबड्याचं हाड वर आलं. काहीतरी जिव्हारी लागेल असं बोलणार होता तो. पण मागून आवाज आला.

"ठाव हाय मला."

रंभाजीनं आरशात पाहिलं.

"मी जागीच हुते," सीमाताई म्हणाली. "गाडी वळली तवाच कळलं, ही आपली वाट न्हवं. टाळ ऐकले. तुमचा आवाजबी ऐकला. एकदा दारावर हात ठिवला, म्हनलं, हाक मारावी, भाऊ, चला म्हनावं." मडक्याभोवतीचे हात घट्ट झाले. "न्हाई मारली. मला वाटलं, चालू दे असंच. घरी पोचले न्हाई तवर माझी आई हाय. पोचले का मंग गेली." आणि अगदी खालच्या आवाजात, "म्या हाक मारली असती तर तुमी आला असता."

"आलो असतो," रंभाजी म्हणाला. खोटं बोलून तिला सोडवावं असं त्याच्या मनात आलं होतं. पण ते जमलं नाही.

"व्हय. आला असता."

प्रवीणनं तोंड खिडकीकडे केलं होतं. त्यानं एकदा मनगटानं डोळे पुसले आणि पुटपुटला, "मीबी घाई केली आत्या. त्या दिशी लोकांवर ढकललं. लोकं तर म्हनत हुती, अजून थोडं बघू. मीच म्हनलो, ह्यात बघा, आता न्हाई यायची ती."

कुणी कुणाला "जाऊ दे" म्हटलं नाही.

पुढे तिठा आला. सरळ रस्ता हायवेला जाणारा, गुळगुळीत. उजवीकडचा खड्ड्याखड्ड्यांचा, उसाच्या फडांमधून. रंभाजीनं गाडी हळू केली, बाजूला घेतली आणि थांबवली. मागच्या ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न मारला, शिवी दिली, पुढे गेला.

"ताई," रंभाजी म्हणाला, "कोनीकडनं घेऊ?"

तिला प्रश्न समजायला वेळ लागला. मग तिनं उजवीकडे पाहिलं. "हा कुकान्याकडं जातो ना? तिकडं अलीकडंच आईचं माहेर हाय. लई वर्सं झाली, तिला जाता आलं न्हाई. तिकडनं जाता येतं का संगमाला?"

"येतं. पर लांब पडतं."

"पडू द्या."

तेवढ्यात प्रवीणचा फोन वाजला. पलीकडून वैजनाथचा आवाज गाडीत सगळ्यांना ऐकू आला, "कुठवर आले रं? आमी घाटावर येऊन बसलोय. लोकेशन टाक."

प्रवीणनं समोरच्या दोन्ही रस्त्यांकडे पाहिलं. "येतोय अप्पा," तो म्हणाला. "जरा उशीर हुईल. तुमी थांबा."

पलीकडे वैजनाथनं कुणालातरी बसायला सांगितलेलं ऐकू आलं.

"बरं. थांबतो. या सावकाश."

गाडी उजवीकडे वळली. खड्डे सुरू झाले तशी रंभाजीनं ती बैलगाडीच्या चालीवर आणली. उसाचे फड संपले, पुढे चिंचेची झाडं आणि त्यामागे भागिरथीबाईंच्या माहेरच्या देवळाचा कळस दिसू लागला. आरशात त्याला दिसलं, सीमाताई मडक्याच्या तोंडावरच्या फडक्याची गाठ सैल करत होती. झोपलेल्या माणसाच्या तोंडावरचा पदर बाजूला करावा, इतक्या हलक्या हातानं.

राख वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यानं गाडीच्या चारी काचा वर घेतल्या, आणि चाल आणखी कमी केली.